रुग्णसेवेचें वेळापत्रक



मी इंदापूर तालुक्यांतील डाळज गांवचा एक निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वीं एके पहाटे माझ्या पत्नीच्या उजव्या अंगावरून वारें गेलें. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वेळेवर आली, प्राण वाचले, आणि पंधरा दिवसांनीं आम्हीं तिला घरीं आणलें. खरी कसोटी तेथून पुढें लागली.

पस्तीस वर्षें मीं शाळेचीं वेळापत्रकें आखलीं. परंतु घरांतील शुश्रूषा मात्र केवळ मायेच्या भरंवशावर सोडली. एके सकाळीं रक्तदाबाची गोळी मीं दिली, आणि घटकाभरानें तीच गोळी सूनबाईंनींही दिली. दुपारीं पत्नीला घेरी आली. डॉक्टरांच्या सल्ल्यानें निभावलें. पण दोष कोणाच्या मायेचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

त्याच रात्रीं मीं एक वही घातली. एका रकान्यांत वेळ, दुसऱ्यांत काम, तिसऱ्यांत तें करणाराची सही. सहीवांचून दिलेलें औषध दिलेंच नाहीं असें न समजतां आधीं विचारावें, हा नियम ठरला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला व्रण पडूं नयेत म्हणून दर दोन तासांनीं कूस बदलावी लागते. त्या पाळ्या मुलानें व मीं वांटून घेतल्या. या विकारांत गिळण्याची शक्ति मंदावते व घास श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें; म्हणून ताठ बसवून लहान लहान घास भरवावे, हेंही वहींत लिहिलें. शेवटच्या पानावर डॉक्टरांचे क्रमांक, कागदपत्रांची जागा आणि खर्चाचा हिशेब.

तरीही एक चूक राहिली. शाळेला मधली सुट्टी असते. माझ्या वेळापत्रकांत ती नव्हती. जागरणांनीं मन चिडखोर झालें. एकदां तिच्या हातून चहा सांडला आणि मी तिच्यावर ओरडलों. तिला उत्तर देतां येईना. ती नुसती रडली. तें रडणें मी विसरूं शकत नाहीं. तेव्हांपासून सायंकाळीं एक तास सूनबाई तिच्यापाशीं बसतात आणि मी उजनीच्या पाण्याकडे फिरून येतों. प्रथम मनाला अपराध्यासारखें वाटे. आतां समजतें, कीं थकलेला माणूस नीट सेवा करूं शकत नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण येथें आठवतें. महात्मा जोतीराव फुले यांस १८८८ सालीं पक्षाघात झाला व उजवा हात निकामी झाला. सावित्रीबाई सोबतीस होत्या. जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले. ग्रंथ १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें. पण आमच्या वहींत सर्वांना कामें होतीं, फक्त जिच्यासाठीं वही घातली तिलाच नव्हतें, हें माझ्या ध्यानांत फार उशिरां आलें.

आतां औषध घेतल्यावर ती स्वतः डाव्या हातानें वहींत खूण करते. खूण वांकडी येते. तिची वाचा अजून अडखळते. परंतु मीं वही विसरलों, तर ती बोट दाखवून मागते.

ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल, त्यांनीं आज रात्रींच घरांतील सर्वांना एकत्र बसवून अशी वही घालावी, आणि पहिलें काम रुग्णालाच विचारून लिहावें, एवढीच माझी विनंती आहे.