लोकरींतलें शिल्प

कोल्हापूरची थंडी ही चार दिवसांची पाहुणी. मार्गशीर्षांत पंचगंगेच्या कांठीं धुकें उतरूं लागतें, रंकाळ्यावर पहाटे फिरावयास जाणारे गृहस्थ गळ्याभोंवतीं मफलर गुंडाळतात, आणि संक्रांत उलटून थोडे दिवस जातात न जातात तोंच तो मफलर पुन्हां ट्रंकेंत जाऊन बसतो. ज्या देशांत महिनेच्या महिने बर्फ असतें तेथें लोकर विणणें हें पोटापाण्याइतकेंच निकडीचें काम. येथें तें तसें कधींच नव्हतें. मग घरोघरच्या स्त्रियांनीं इतक्या वर्षांत विणलेली लोकर गेली तरी कोठें? थोडी नातवंडांच्या टोपड्यांत व मोज्यांत गेली हें खरें. परंतु पुष्कळशी गेली ती पोपटांत, हंसांत, द्राक्षांच्या घडांत, तुळशीवृंदावनांत आणि दारावरच्या तोरणांत. गरजेच्या कचाट्यांतून सुटलेली ही विद्या शिल्पाकडे वळली, आणि तिचें प्रदर्शनगृह ठरलें तें लग्नांतलें रुखवत.

रुखवत म्हणजे मुळांत वधूकडून वराकडे जावयाचें खाद्य. लाडू, करंज्या, चिरोटे यांच्या ताटांशेजारीं हळूहळू वधूच्या हातची कलाकुसर मांडली जाऊं लागली, व पुढें पुढें तर तिनें फराळालाच मागें सारलें. या कलाकुसरीचें साहित्य मुद्दाम विकत आणलेलें क्वचितच असे. रिकाम्या बाटलीवर क्रोशाचा घेरदार झगा चढला कीं तिची मडम होते. हातांतून उतरलेल्या कांचेच्या बांगड्यांवर लोकर गुंडाळून त्या एकमेकींत गुंतविल्या कीं तोरण होतें. मुलांच्या गोट्यांवर किंवा सुपाऱ्यांवर जांभळी वीण चढवून त्या एका देठाशीं बांधल्या कीं द्राक्षांचा घोंस तयार. रंगसंगतीचा नियम बहुधा एकच: घरांत जी लोकर उरली असेल ती. म्हणूनच रुखवतांतल्या पोपटाला गुलाबी शेपटी आणि हंसाला निळी चोंच असली तरी कोणास त्याचें नवल वाटत नाहीं. उलट त्या अकल्पित रंगांनींच त्या पांखरांना जीव येतो.

हें विणकाम घनाकृति कशी धारण करतें हें पाहण्याजोगें आहे. दोन सुयांवरच्या विणकामांत ओळींतले सारे टांके एकाच वेळीं सुईवर जिवंत असतात. त्यांतला एक निसटला कीं खालपर्यंत ओळ उसवत जाते. क्रोशाच्या कामांत (या फ्रेंच शब्दाचा अर्थच लहानसा आंकडा) कोणत्याही क्षणीं एकच फांसा मोकळा असतो. त्यामुळें तें हवें तेथें थांबवितां येतें आणि हव्या त्या दिशेस वळवितां येतें. समजा, घरांतल्या तांब्यावर वीण चढवावयाची आहे. आरंभीं सहा मुके खांब घालावे; दुसऱ्या फेरींत बारा, तिसरींत अठरा, चौथींत चोवीस. प्रत्येक फेरीस असे सहा वाढवीत गेलें कीं चकती सपाट बसते. हा झाला तांब्याचा बूड. वाढविणें थांबविलें कीं कड उभी राहते. पोटाशीं पुन्हां थोडे वाढवावे, गळ्याशीं कमी करावे, कांठाशीं पुन्हां वाढवावे. तांब्या आंत ठेवावयाचा नसेल तर गळा आवळण्यापूर्वींच तो काढून घ्यावा लागतो. नाहींतर तो कायमचा आंत अडकतो, आणि मग त्याची अडचण स्वयंपाकघरांत जाणवूं लागते!

सांचा काढून घेतल्यावर पोकळ वीण उभी कशी रहावयाची? कोणी आंत कापूस भरतात. सुती दोऱ्याच्या टोपल्यांना व वाट्यांना कोणी साखरेचा पाक पाजतात, आणि मग पावसाळ्यांत मुंग्यांशीं सामना देतात. खळ हा त्याहून भरंवशाचा उपाय. ताठपणाची ही युक्ति या मुलखाला परकी नाहीं. धनगरांच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देण्याची चाल फार जुनी आहे, आणि हातकणंगले तालुक्यांतल्या पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत घोंगड्यांवर भंडाऱ्याचा पिवळा पाऊस पडतो तेव्हां लोकर व रंग यांचा या भूमीशीं असलेला संबंध डोळ्यांपुढें उभा राहतो. मात्र दख्खनी मेंढीची ती राठ, आंखूड लोकर नाजूक विणकामाच्या उपयोगाची नव्हे. पोपटाची लोकर बाजारांतून येते, बहुधा लुधियान्याहून. आणि आतां तर तींत मेंढीचा अंश बहुतेक नसतोच. ॲक्रिलिकच्या या धाग्याला कसर लागत नाहीं एवढें त्याचें श्रेय.

सहा-बाराच्या हिशेबापलीकडे जाऊन खांब प्रमाणाबाहेर वाढविले, तर चकती सपाट न राहतां कोंबड्याच्या फुलासारखी चुणीदार होत जाते. शिकाऊ मुलीच्या हातून असें झालें कीं वडीलधाऱ्या बाया तें उसवावयास लावतात. परंतु १९९७ सालीं अमेरिकेंतल्या कॉर्नेल विद्यापीठांत डाइना तायमिन्या या गणितज्ञ स्त्रीनें नेमकी हीच चुणी जाणूनबुजून विणली. युक्लिडच्या भूमितींत न बसणारी, सर्वत्र सारखी वक्र असलेली जी पृष्ठें विद्यार्थ्यांना समजावून देणें कठीण जात होतें, तीं तिनें क्रोशानें त्यांच्या हातांत ठेवलीं. त्याच वीणीवरून २००५ मध्यें मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या भगिनींनीं लोकरीचे प्रवाळ विणण्याचा उपक्रम आरंभिला, आणि पुढें देशोदेशींच्या असंख्य स्त्रियांचे हात त्यास लागले.

पोर्तुगालची शिल्पकार ज्वाना व्हास्कोन्सेलोस हिचें उदाहरण तर रुखवताच्या अगदीं जवळचें. राफाएल बोर्दालो पिन्येरो या एकोणिसाव्या शतकांतल्या कारागिरानें घडविलेल्या चिनी मातीच्या खेकड्यांवर, बेडकांवर, सरड्यांवर ती क्रोशाची जाळी अंगासरशी चढविते. २०१२ सालीं फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यांत तिच्या शिल्पांचें प्रदर्शन भरलें; तेथें असा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री. बाटलीची मडम करणारी कोल्हापूरची गृहिणी आणि व्हास्कोन्सेलोस यांच्या कृतींत भेद नाहीं असें नव्हे. तिच्या कामाची व्याप्ति व त्यामागचा विचार निराळा आहे. पण ओळखीच्या वस्तूवर वीण चढवून ती अनोळखी करावयाची, हें तत्त्व एकच. एकीच्या कामाला शिल्प म्हणतात, दुसरीच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग.

या ‘फावल्या वेळा’ची किंमत काय पडते हें मारिया मीझ या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें दाखवून दिलें आहे. आंध्रांतल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसवर तिचा ग्रंथ १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. घरीं बसून तासन् तास लेस विणणाऱ्या बायांचा माल परदेशीं जात होता. पण त्या कामकरी नसून रिकाम्या वेळांत विरंगुळा करणाऱ्या गृहिणी आहेत, असें एकदां ठरल्यामुळें त्यांच्या हातावर पडत होती ती मजुरी नांवापुरतीच. आणि येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. सुयांवरचें विणकाम यंत्रें कधींच करूं लागलीं. खऱ्या क्रोशाची वीण घालणारें यंत्र मात्र अद्याप बाजारांत आलेलें नाहीं. दुकानांत स्वस्तांत मिळणारा क्रोशाचा ससा हाही कोणाच्या तरी बोटांनींच विणलेला असतो. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. त्याचा वांटा विणणारीच्या हातापर्यंत पोंचावयास हवा.

कोल्हापूरच्या घरांत प्रश्न मजुरीचा नव्हता, कारण तेथें मजुरीची कल्पनाच नव्हती. रुखवताच्या मागें मानपानाची व वधूपित्याच्या खर्चाची सावली आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि ती प्रथा मागें पडत असेल तर त्याबद्दल कोणी अश्रु ढाळूं नयेत. आतां रुखवत तयार विकत मिळतें, भाड्यानेंही मिळतें. एकच तुळशीवृंदावन एका हंगामांत अनेक वधूंच्या हातचें म्हणून मांडलें जातें. गंमत अशी कीं ज्या रुखवतापुढें उभी राहून नवरी उखाण्यांत पतीचें नांव घेते, त्यांतल्या एकाही वस्तूवर करणारीचें नांव पूर्वींही नसे.

जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांतून अशा वस्तू अजून निघतात. मडमेच्या झग्याखालीं बोट घातलें तर बाटलीवरचीं कंपनीचीं उठावाचीं अक्षरें लागतात. ती कंपनी कधींच बंद पडलेली असते. घरांत अशी वस्तु असेल तर तिच्या बुडाशीं कापडाची पट्टी टांचून तीवर करणारीचें नांव व साल लिहून ठेवावें. आजी हयात असेल तर कोणत्या फेरीस किती खांब वाढविले, कोठें कमी केले, खळ कोणती दिली, हेंही तिला विचारून वहींत उतरून घ्यावें. कारण यांतले बहुतेक नमुने कागदावर कधीं आलेच नाहींत.