गाडीचा पंखा मधूनच गप्प होतो तेव्हा

आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही आणि बँकेतलाही नाही. पण आपल्यातल्या कितीतरी गटांच्या दारात आता एखादी जुनी व्हॅन किंवा जीप उभी असते. कुणी पापड-मसाले घेऊन पनवेलच्या बाजाराला जातं, कुणी कळंबोलीत डबे पोचवतं. गाडी सेकंडहँड, दहा-बारा वर्षं पळालेली. रोडपालीतून निघताना एसीचा वारा छान लागतो, आणि कळंबोली सर्कलच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो की तोच पंखा गप्प! पुढे एका खड्ड्यात चाक आदळतं आणि तो आपोआप सुरू होतो. गॅरेजला नेलं की मात्र सासरी आलेल्या नव्या नवरीसारखा अगदी शहाण्यासारखा वागतो.

एसी म्हणजे चैन, बंद पडला तर पडू दे, असं घरातले म्हणतात. त्यांना म्हणावं, जुलैमध्ये आत पाच जणींना बसवून एक्सप्रेस वेने खंडाळ्याचा घाट चढून दाखवा. बाहेर पाऊस, काचा बंद, आणि समोरची काच आतून वाफेने पांढरी. एसी आतल्या हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि पंखा ती कोरडी हवा काचेवर मारतो, म्हणून समोरचं दिसतं. घाटात हा पंखा थांबला तर चालवणारी एका हाताने फडक्याने काच पुसत बसते. ती कसली चैन?

आता आधी कुठला पंखा बिघडलाय ते ओळखू. एसीचं काम दोन पंख्यांवर चालतं. एक आत, डॅशबोर्डखाली, त्याला ब्लोअर म्हणतात. दुसरा पुढे, बॉनेटच्या आत, जाळीमागे. आतला वारा जोरात येतोय, पण सिग्नलला थांबलं की गरम होतो आणि गाडी पळाली की पुन्हा गार होतो, तर संशय पुढच्या पंख्यावर घ्या. त्या पंख्याजवळ जाताना पदर, ओढणी, वेणी आवरून घ्या. काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही अचानक फिरायला लागतो.

आणखी एक फसवी गोष्ट. तासभर एसी चालल्यावर वारा हळूहळू कमी होतो, पण पंख्याचा घुरघुर आवाज चालूच असतो. अशा वेळी पंखा निर्दोष असतो. आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. एसीचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळून वारा परतला, तर गॅरेजवाल्याला पंखा बदलू देऊ नका, एसीवाल्याला गॅस आणि कॉइल तपासायला सांगा.

आवाजही थांबतो आणि वाराही थांबतो, तेव्हा खरा बिघाड आतल्या ब्लोअरचा. इथे आपल्याला घरातल्याच दोन वस्तू आठवायच्या आहेत.

पहिली, छताच्या पंख्याचा जुना, मोठ्या डब्याचा रेग्युलेटर. तो कसा तापायचा, आठवतंय? साध्या एसीच्या जुन्या गाडीतही तसंच असतं. एक, दोन, तीन नंबरवर वीज एका तारेच्या वेटोळ्यातून जाते, मेकॅनिक त्याला रेझिस्टन्स म्हणतात. फुल नंबरवर वीज त्याला वगळून थेट मोटारीला मिळते. म्हणून लहान नंबर मेले आणि फक्त फुल चालतोय, तर बहुतेक वेळा रेझिस्टन्स गेलेला असतो. हा भाग काही शेकड्यांत येतो. तो बसवताना त्याचा प्लग मात्र डोळ्यांनी बघा. प्लास्टिक वितळलेलं, पिन काळी पडलेली असेल तर प्लगही बदलायला लावा, नाहीतर नवा रेझिस्टन्सही जळायला वेळ लागत नाही.

दुसरी वस्तू मिक्सर. मिक्सरचे कार्बन झिजले की तो कधी चालतो, कधी नुसता बसून राहतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ब्लोअरच्या मोटारीतही तेच कार्बन असतात. पंखा थांबला असताना डावीकडच्या खणाखाली मोटारीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. तेवढ्याने फिरला, तर कार्बन झिजले असं बहुधा समजावं. खड्ड्यात आदळून सुरू होणारा पंखाही अनेकदा यातलाच. पण टकटक न करता नुसती वायर हलवल्यावर फिरला, तर जोड सैल आहे. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे पितळी पिनांवर हिरवट थर धरतो. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथेही गंज बघा.

आमच्या गटाच्या गाडीला एका गॅरेजने कॉम्प्रेसर बदलायला सांगितला होता. रक्कम ऐकून आमची सभा दोन तास चालली. बहुतेक गाड्यांत ब्लोअरची वीज तुटली की कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला तो मेलेला वाटतो. मग एका म्हाताऱ्या वायरमनने पंखा बंद पडेपर्यंत गाडीत बसून वाट पाहिली. बंद पडल्याबरोबर मोटारीचा प्लग काढून दोन पिनांना बारा व्होल्टचा बल्ब लावला. फुल नंबरवर बल्ब पेटला असता तर वीज येतेय, दोष मोटारीत. पेटला नाही, म्हणजे दोष मागे, फ्यूज, रिले, स्विच किंवा वायरीत. आमचा पेटला नाही. मागे जात जात स्विचमागचा जळका प्लग सापडला. कॉम्प्रेसर अजून तोच आहे.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नका. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. अनेकदा मोटार जाम होऊन जास्त वीज ओढते म्हणून तो उडतो. तो उडला नाही तर वायर तापते, आणि डॅशबोर्डमागे आग लागू शकते. जळका वास आला तर पंखा बंद, गाडी कडेला, सगळ्या जणी खाली, मुलं आधी.

जाळी आणि फिल्टरही बघा. समोरच्या काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं अडकतात, आणि ट्रकांच्या रस्त्याची धूळ तर आपल्या पाचवीलाच पुजलेली. फिल्टर चोंदला की वारा कमी पडतो आणि त्याच वाऱ्यावर थंड होणारा रेझिस्टन्स जास्त तापतो. काही जुन्या गाड्यांत फिल्टर नसतोच, नुसती जागा असते, तेव्हा विचारून घ्या.

गटाच्या हिशोबाची वही आपण ठेवतोच. तिच्याच शेवटच्या पानावर लिहा, पंखा कधी थांबला, कितव्या नंबरवर होता, आवाज होता का, पाऊस होता का, कशाने सुरू झाला. चार-पाच नोंदी झाल्या की ते पान घेऊन गॅरेजला जा आणि मेकॅनिकला स्वतः वाचून दाखवा. काम झाल्यावर काढलेला जुना भाग परत मागा. बिलावर भागाचं नाव लिहून घ्या, नुसतं "एसी काम" असं लिहू देऊ नका.