कागदी गदा का टिकते

नाटकातली गदा किंवा मुखवटा कागदाचा असला की तो एका प्रयोगापुरताच, अशी समजूत आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या लोकोत्सवातले कागदी लगद्याचे मुखवटे ती खोटी ठरवतात. ते घालून माणसे नाचतात, आणि तेच मुखवटे पुन्हा पुढच्या वर्षी निघतात. कागदाचे बळ जाडीत नसून थरांत आहे. यंत्रावरच्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. म्हणून वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटते, दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे. गदा घडवताना कागदाच्या पट्ट्या थरागणिक आडव्या-उभ्या चिकटवल्या की ही उणीव भरून निघते. त्या हाताने फाडाव्यात, कारण विरळ कडा एकमेकींत मुरतात. दोन-तीन थरांनंतर पूर्ण वाळू द्यावे. इथली घाई म्हणजे आत बुरशी.

‘ओल आणि कसर लागणारच, मग फायबरच का नको?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. पुस्तकबांधणीच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. मात्र ते विषारी असल्याने मुलांच्या हाती अशी खळ देऊ नये. आतून-बाहेरून लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले की दमट हवा सोसते, भर पाऊस नाही. पण फायबरला साचा आणि रेझिन लागते. कागदी गदा नटाच्या हाताला हलकी असते, आणि चिरली तर खळ-पट्टीने पुढच्या प्रयोगाआधी सांधता येते.