आठवड्यातली दीडशे मिनिटं
(सुपा येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्यापैकी बहुतेकांची घरं इथून पाच-सात मिनिटांवर आहेत आणि बाहेर मोटारसायकली लावायला जागा उरलेली नाही. हसू नका, मीही एसटी स्टँडपासून गाडीवरच आलो. तेव्हा मी बोलणार आहे ते मलाही लागू आहे.

सुरुवात घरापासून करतो. आमच्या अब्बांना पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. अब्बा म्हणजे काडी. शर्ट अंगावर लोंबायचा. ते म्हणायचे, शुगर जाड्या माणसांना होते, मला काय होतंय! चपलेचा पट्टा लागून पायाला जखम झाली, दोन महिने भरली नाही, तेव्हा तपासणी झाली. एक बोट गेलं. त्यांचं बोट गेलं त्याला निष्काळजीपणा कारण होता, आणि एक चुकीची समजूतही.

ही समजूत आपल्या शेजारच्या पुण्यातच मोडली गेली. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या दोघांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. बाहेरून दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम कोणता, तर रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं! हा विनोद त्यांनी त्या लेखात स्वतःवरच केला आहे. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतपणांचाही अभ्यास केला. तिथली बाळं वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा कमी, पण चरबी त्या मानाने जास्त. स्नायू कमी, चरबी जास्त, ही आपली जन्मापासूनची ठेवण आहे. म्हणून ‘मी बारीक आहे’ हे प्रमाणपत्र खिशात घालून फिरू नका.

आता उपाय. जेवण रक्तात साखर म्हणून उतरतं. ती साखर सर्वात जास्त खातात ते स्नायू, त्यातही मांड्यांचे. स्नायू हलायला लागला की इन्शुलिनची फारशी वाट न बघता तो साखर आत ओढून घेतो. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते, त्याचं कारण हेच. बिर्याणी खाऊन लगेच आडवं होणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं.

‘आम्ही एमआयडीसीत बारा-बारा तास उभे असतो, अजून कसला व्यायाम?’ असं इथं कुणी तरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या दुष्काळात आमचे दादा याच पारनेर तालुक्यात खडी फोडायला गेले. व्यायाम हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही, गरजही नव्हती. पण मशीनपुढे एका जागी उभं राहणं म्हणजे खडी फोडणं नाही. पाय दुखतात, छाती मात्र भरून येत नाही. लंडनच्या दुमजली बसवर जेरी मॉरिस यांनी हे दाखवून दिलं. १९५३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बस तीच, शहर तेच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा. भरभर म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. त्यातली दीडशे. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत असं म्हणत, २०२० च्या सूचनांत तीही अट काढली. कंपनीची बस एक थांबा आधी सोडा, फजरनंतर लगेच पुन्हा अंथरुणात शिरू नका, रात्रपाळी असेल तर उठल्यावर चाला. जोर-बैठकांना मशीन लागत नाही. आणि ज्यांना आधीच शुगरची गोळी सुरू आहे किंवा चालताना छातीत दुखतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

तालीम आपल्याला परकी नाही. शब्दच अरबीतून आला, अर्थ शिक्षण. मराठीनं त्याला लाल मातीत नेलं. इस्माईल शेख, मुन्नालाल शेख, सईद चाऊस ही महाराष्ट्र केसरींची नावं आहेत. पण जिममध्ये महिन्यात दंड फुगवायचे म्हणून कुणी दिलेली इंजेक्शनं घेऊ नका. ती तालीम नव्हे.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुष ४२ टक्के. पोरं हायवेवर धावतील, नाही तर कुठल्याही मोकळ्या रानात क्रिकेट खेळतील. पण आपली बहीण संध्याकाळी अर्धा तास नुसती चालायला निघाली, तर ‘कुठं चाललीस?’ हा प्रश्न चार दारांतून येतो. अम्मीला तर विचारायचीही सोय नाही. घरातलं काम हाच तुझा व्यायाम, असं आपणच तिला सांगतो. पोळ्या लाटून गुडघे झिजतात, दम वाढत नाही. तिला वेळ हवा असेल तर त्या अर्ध्या तासात भांडी कुणी तरी घासायला हवीत. आज इथं बसलेल्या किती पोरांनी या आठवड्यात भांडी घासली, हात वर करा. … बरं, मोजत नाही.

म्हणून मी एक अर्ज लिहून आणलाय. शाळेचं मैदान रोज संध्याकाळी एक तास फक्त मुली-बायकांसाठी मिळावं, दिवा चालू असावा, एवढीच मागणी आहे. ग्रामपंचायतीत द्यायचा आहे. पेन दाराजवळच्या टेबलावर आहे. बहिणींनी आधी सह्या करा. भावांनी त्यांच्या खाली. आणि जाताना गाडीची किल्ली खिशात राहू द्या, गाडी उद्या न्या.