दारूचा हिशेब मांडा, आणि सोडायची तर रीतीने सोडा

(राळेगाव येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आता जो विषय आम्ही काढणार आहोत तो निघाला की पुरुषांच्या माना खाली जातात आणि बायांच्या माना वर होतात. विषय दारूचा आहे. आम्ही कीर्तन करायला उभे नाही. पिणारा पापी आणि न पिणारा पुण्यवान, असले काही इथे सांगायचे नाही. पऱ्हाटीचा जसा आपण खर्च आणि उत्पन्नाचा हिशेब मांडतो तसा दारूचा मांडायचा आहे. एक हिशेब पैशाचा, दुसरा शरीराचा. आणि हिशेब पाहून ज्याला दारू सोडावीशी वाटेल, त्याने ती जीव धोक्यात न घालता कशी सोडावी, तेही सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ करू. शेतकऱ्याने जीव दिला की चौकशीला माणसे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पीत होता काय?" घरच्यांनी हो म्हटले की कागद मिटला. भाव, कर्ज, पाऊस, सावकार, सगळे त्या एका 'हो'खाली गाडले जाते. हे आम्ही चालू देणार नाही. दारू पिणारे शहरातही आहेत, पगारदारांतही आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा नसतो, म्हणून त्यांना कोणी हा प्रश्न विचारत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच स्वच्छ बोलली पाहिजे. "भाव नाही म्हणून पितो" हे कारण सभेत चालेल, पोटातल्या यकृताला ते ऐकू जात नाही. भाव पडो की चढो, पव्वा पोटात गेला की तो आपले काम करतो. भावाची लढाई लांबची आहे आणि ती लढायला धड माणसे लागतात.

आता पैशाचा हिशेब. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूवरचा कर वाढवला. त्या वेळी देशी दारूच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. रोज एकच पव्वा धरा. महिन्याचे झाले २,४०० रुपये, वर्षाचे २९,२००. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे वर्षाचा पव्वा साडेतीन क्विंटलांवर कापूस पितो, तोही हमीभाव खरोखर हातात पडला तर. कोरडवाहू एकरात पाऊसपाणी बरे झाले तर चार-पाच क्विंटल उतरतो. बी-बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा खर्च त्यातूनच निघायचा असतो. संकरित ज्वारीच्या हमीभावाने, ३,६९९ रुपयांनी, मोजले तर हीच रक्कम जवळजवळ आठ क्विंटल ज्वारीची होते. २०२५ साली बीटी बियाण्याचे पाकीट ९०१ रुपयांना होते. बारा दिवसांच्या पव्व्यात एक पाकीट येऊन वर सुटे पैसे उरतात. यात चखणा धरला नाही, उधारी धरली नाही, बुडालेली मजुरी आणि दवाखाना धरला नाही.

आणि हा पैसा जातो कुठे? दारूवरच्या करातून महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक पडतात. कापसाला भाव द्यायची वेळ आली की हीच तिजोरी रिकामी असते. ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला ते महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा १८८० साली त्यांनी त्याला लेखी विरोध केला. गरिबाच्या खिशातून दारूवाटे पैसा काढायचा हा धंदा तेव्हापासूनचा आहे.

आता शरीराचा हिशेब. देशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे बारीक अक्षरात छापलेले असते. त्याप्रमाणे एका पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या ६० ग्रॅमला अति पिणे म्हणते. म्हणजे "आपण काय, एक पव्वाच तर घेतो" म्हणणारा गडी रोजच अति पितो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच्या वर मद्यार्क पचवू शकत नाही. ताक प्या, लिंबू प्या, थंड पाण्याने अंघोळ करा, तो वेग वाढत नाही. रात्री नऊला घेतलेला पव्वा पहाटे चार-पाचपर्यंत रक्तात राहतो. तोच माणूस सकाळी पाठीवर पंप घेऊन फवारणीला निघतो. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ते औषधाच्या विषाने मेले. त्यांचा दोष दारूवर ढकलण्याचा उद्योग कोणी करू नये. पण फवारणाऱ्याचा हात स्थिर हवा आणि डोके ताळ्यावर हवे, हेही खरेच.

रोजच्या दारूने यकृतावर आधी चरबी चढते. तेव्हा काहीच दुखत नाही. या टप्प्यावर दारू थांबवली तर काही आठवड्यांत यकृत बहुधा पूर्ववत होऊ लागते, हे लक्षात ठेवा. पुढे यकृताला सूज येते, डोळे पिवळे होतात. आपल्याकडे मग काविळीची माळ घालतात, झाडपाला देतात आणि महिना घालवतात. तिसऱ्या टप्प्यावर यकृत घट्ट होते, पोटात पाणी भरते, रक्ताची उलटी होते. तिथून पूर्ण मागे येता येत नाही. पण तिथेही दारू थांबवणारा पिणाऱ्यापेक्षा जास्त जगतो.

बाकीचे थोडक्यात. स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात असह्य कळ उठते ती पाठीपर्यंत जाते. रक्तदाब वाढतो, लकवा मारतो. जास्त पिणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत यांचे कर्करोग दारूने होतात. आपल्या भागात गालात खर्राही असतो. खर्रा आणि दारू एकत्र आले की तोंडाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. "थोडी औषधासारखी घ्यावी" असे कोणी म्हणेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. हातभट्टीची स्वस्त पडते म्हणाल, तर जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली ते आठवा. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते.

आता सोडायचे कसे, ते नीट ऐका. पिणाऱ्यांचे दोन प्रकार ओळखा.

पहिला, जो बाजाराच्या दिवशी, पोळ्याला, लग्नात पितो, किंवा अधूनमधून जास्त घेतो, पण सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरत नाहीत. याने आजपासून कमी करायला हरकत नाही. किती घेतली ते रोज वहीत लिहावे. न लिहिलेला घोट नेहमी कमीच वाटतो. आठवड्यातले कोरडे दिवस ठरवावेत आणि ते वाढवत न्यावेत. उपाशीपोटी पिऊ नये. घरात बाटली आणून ठेवू नये. कापसाचा चुकारा मिळाला की पैसा आधी घरधनिणीच्या हातात द्यावा, मग मित्रांना भेटावे. महिन्या-दोन महिन्यांत झोप सुधारते, भूक लागते, रक्तदाब उतरतो. ठरवलेली मर्यादा पुन्हा पुन्हा मोडत असेल तर कमी करणे आपल्याच्याने होणार नाही, पूर्ण सोडणेच बरे, असे समजावे.

दुसरा प्रकार, जो रोज पितो आणि सकाळी एक घोट घेतल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही. भावांनो, याने देवापुढे शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडू नये. ऐकायला उलटे वाटेल, पण यात जीव जातो. दारू बंद झाली की पहिल्या दिवशी घाम, थरथर, घबराट. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस बरळतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. गावात म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि मांत्रिकाला बोलावतात. ती बाधा नव्हे, तो दारू तुटल्याचा आजार आहे. त्यावर गोळ्या आहेत, त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली आठ-दहा दिवस घ्याव्या लागतात. दवाखान्यात गेल्यावर लाज सोडून सांगा की हा रोज पितो आणि इतकी पितो. कारण पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपलेले असते. ते आधी न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते. "सलाईन लावा" एवढेच सांगून मोकळे होऊ नका.

मायबहिणींनो, एक तुमच्यासाठी. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती येतात. भाजीत पूड कालवायला सांगतात. दारूशी वाकडे असणारे औषध खरे आहे, पण ते पिणाऱ्याला सांगून, तपासून, डॉक्टरनेच द्यायचे असते. चोरून दिलेल्या औषधावर त्याने दारू घेतली तर तो जाग्यावर कोसळू शकतो. आणि नवऱ्याची दारू सुटली नाही म्हणून तुमच्याकडे बोट दाखवणाऱ्याचे ऐकू नका. हा आजार आहे. एकदा सुटून पुन्हा लागू शकतो. पुन्हा लागला म्हणजे उपचार वाया गेला असे नाही, पुन्हा सुरू करायचा. एखाद्या वर्षी बोंडअळीने पीक नेले म्हणून आपण पुढच्या वर्षी पेरणी सोडत नाही.

हा आजार किती पसरला आहे? केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून पाहणी करवली, तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याच गावांत आहेत.

कोणी म्हणेल, सरसकट दारूबंदीच मागा. आजूबाजूला पाहा. वर्धा नदी ओलांडली की १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. तिथे दारू मिळत नाही असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. गडचिरोलीत लोकांनी कैक वर्षे चळवळ केली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्यात होते, आणि १९९३ साली बंदी झाली. तिथेही नुसत्या कायद्यावर भागले नाही म्हणून २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने गावोगाव काम उभे करावे लागले. कायदा हवा, पण राखण गावानेच करायची असते. आपल्या हातात आडवी बाटली आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचे दुकान बंद होते. हिशेब एकूण मतदारांचा असतो. घरी बसलेल्या बाईचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात जाते.

आपल्या वऱ्हाडात १८७६ साली शेंडगावी गाडगेबाबा जन्मले. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि पोर मामाच्या घरी गुरे राखून, नांगर धरून वाढले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला, दारू-मटणाचे जेवण देण्याची रीत असताना, त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले असतील. पण एका बाप्याने एका पंगतीत रीत मोडली, आणि ती गोष्ट आपण अजून सांगतो.

तेव्हा इथून जाताना प्रत्येक गावाने तीन कामे घेऊन जावीत. सकाळी हात थरथरणारे आपल्या गावात कोण आहेत ते मनातल्या मनात मोजा. चावडीवर नावे घेऊ नका. त्यातला एक जरी तयार झाला तर त्याच्यासोबत दवाखान्यात जायला दोन माणसे ठरवा, एकटा पाठवू नका. आणि व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे फुकटचे फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. यंदाच्या पोळ्याला बैलांच्या मिरवणुकीत कोणी पिऊन येणार नाही, एवढे गावाने ठरवले तरी सुरुवात झाली.

भावाचा लढा चालूच आहे आणि तो चालूच राहील. त्या लढ्याला तुम्ही हवे आहात, आणि तुमच्या घराला तर त्याआधी हवे आहात.