गाडीवर ‘हायब्रिड’ लिहिलंय, पण हिशेब केलाय का?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहरात चालवायला लहान हायब्रिड गाडी घ्यावी का, या विषयावर मला बोलायला सांगितलंय. समाजाच्या शिबिरात गाडीवर भाषण कशाला, असं काहींना वाटेल. पण इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी भोसरी, मोशी, चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत. घर घेणं अनेकांच्या हाताबाहेर गेलंय, त्यामुळे पगार सुरू झाल्यावरची पहिली मोठी खरेदी गाडीचीच होते. आणि पाच-सहा लाखांचा हा निर्णय आपण मोबाइल घेताना करतो तेवढाही विचार न करता घेतो. म्हणून बोलतो.

मी चाकणच्या पट्ट्यात एका पुरवठादार कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. राहतो पिंपरीत. माझ्याकडे २०१९ सालची बलेनो आहे, माइल्ड हायब्रिड, सेकंड हॅन्ड घेतलेली. त्यामुळे जे सांगतोय ते रोजच्या वापरातून सांगतोय.

आधी शब्द समजून घेऊ. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेली गाडी. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस आणली, तिथून हा प्रकार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. त्यात दोन जाती आहेत. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर आणि बॅटरी एवढी ताकदवान असते की कमी वेगात गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवर चालते. माइल्ड हायब्रिडमध्ये तसं होत नाही. तिथे अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर चालणारी एक छोटी मोटर असते. ती तीन कामं करते. गाडी थांबली की बंद झालेलं इंजिन झटक्यात सुरू करते, पिकअप घेताना इंजिनाला थोडा हात देते आणि वेग कमी होताना वाया जाणारी थोडी शक्ती बॅटरीत साठवते. चाकं मात्र नुसत्या विजेवर एक फूटही फिरत नाहीत.

युरोपात टोयोटाची यारिस ही लहान हॅचबॅक २०१२ पासून स्ट्राँग हायब्रिडमध्ये मिळते. आपल्याकडे २०२२ साली मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडा सिटी स्ट्राँग हायब्रिडमध्ये आल्या. त्या मोठ्या आणि महाग गाड्या. लहान हॅचबॅकमध्ये आपल्या खिशाला परवडेल असं जे हायब्रिड आलं, ते माइल्डच. २०१९ साली बलेनो आणि तिचंच टोयोटाचं रूप असलेली ग्लांझा यांच्या काही मॉडेलमध्ये ते होतं. आज सेकंड हॅन्ड बाजारात ‘हायब्रिड आहे भाई, दोन पैसे जास्त लागतील’ असं एजंट सांगतो, तेव्हा तो बहुतेक वेळा याच गाड्यांबद्दल बोलत असतो.

आता ते दोन पैसे किती असावेत, हे काढू. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

कंपनीने जाहीर केलेलं मायलेज धरू. साध्या ग्लांझाचं लिटरला २१.०१ किलोमीटर, हायब्रिडचं २३.८७. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर साध्या गाडीला ४७.६ लिटर लागतील, हायब्रिडला ४१.९. वाचले ५.७ लिटर. पेट्रोल सोपं म्हणून शंभर रुपये धरा. महिन्याला पावणेसहाशे रुपये. वाईट नाही.

पण इथे एक गोम आहे. त्या दोन गाड्यांची इंजिनंच वेगळी होती. हायब्रिडमध्ये नवं ड्युअलजेट इंजिन होतं, त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर. म्हणजे वाचलेलं सगळं पेट्रोल बॅटरीने वाचवलेलं नव्हतं. पुरावा पुढे आपोआप मिळाला. २०२२ साली नवी बलेनो आली, तिच्यात ड्युअलजेट इंजिन ठेवलं, थांबल्यावर इंजिन बंद होण्याची सोय ठेवली, पण हायब्रिडची लिथियम बॅटरी काढून टाकली. तिचं मायलेज जाहीर झालं २२.३५. आता पुन्हा भागाकार करा. हजार किलोमीटरला ४४.७ लिटर. हायब्रिडपेक्षा जेमतेम पावणेतीन लिटर जास्त. महिन्याला तीनशेसुद्धा नाहीत, वर्षाला साडेतीन हजारांच्या आत. समजा केवळ ‘हायब्रिड’ म्हणून एजंटने चाळीस हजार जास्त मागितले, तर ते फिटायला अकरा-बारा वर्षं लागतील. तोपर्यंत ती बॅटरी बदलायची वेळ आली तर तो खर्च वेगळाच.

सरकारनेही हा फरक ओळखला होता. २०१५ साली केंद्राची फेम योजना आली तेव्हा माइल्ड हायब्रिडलाही सवलत मिळायची. १ एप्रिल २०१७ पासून ती काढून घेतली.

कुणी म्हणेल, जाहीर आकडे सोडा, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिडचा फायदा जास्तच होणार. गाडी उभी तर इंजिन बंद. बरोबर आहे, पण त्यालाही अटी आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी चिंबळी फाटा, कुरुळी आणि पुढे चाकणचा तळेगाव चौक, इथे गाड्या थांबत नाहीत, सरकतात. पाच फूट पुढे, थांबा, पुन्हा पाच फूट. मॅन्युअल गाडीत इंजिन बंद व्हायला गाडी न्यूट्रलमध्ये हवी, क्लचवरून पाय काढलेला हवा. आपण काय करतो? पहिला गिअर टाकून हाफ क्लचवर बसतो, मागचा हॉर्न वाजवेल या धास्तीने. अशा वेळी ती सोय कामच करत नाही, वर क्लच प्लेट घासते ती वेगळी. आणि मे महिन्यात एसी लावलेला असेल तर? या गाड्यांचा एसी इंजिनाच्या बेल्टवर चालतो. इंजिन बंद झालं की गार हवा थांबते, आणि आत गरम झालं की इंजिन पुन्हा सुरू होतं.

शहरात मात्र ती बरी चालते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या मोठ्या सिग्नलला नव्वद-नव्वद सेकंद उभं राहावं लागतं. तिथे न्यूट्रल करून पाय काढला की इंजिन शांत. लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे आमच्या गल्लीत वळते. माझी बायको हीच गाडी चालवते. अम्मीला वायसीएमला दाखवायला तीच नेते. तिच्या हातात मायलेज माझ्यापेक्षा चांगलं पडतं, कारण ती घाई करत नाही, पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलते. पेट्रोल वाचवण्यात पायाचा वाटा बॅटरीपेक्षा मोठा आहे. ही सवय साध्या गाडीतही लावता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता पैशाचं. व्याजावर गाडी घ्यावी की नाही, यावर आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद मी इथे घालत नाही. पण दोघांनाही लागू होणारी एक गोष्ट सांगतो. जो हप्ते भरतो, त्याचा पगार पाच-सात वर्षं अडकतो. जो रोख देतो, तो घरातली शिल्लक आणि अनेकदा अम्मीचे दागिने एका लोखंडाच्या डब्यात घालतो, ज्याची किंमत दरवर्षी उतरते. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने तर स्वतःला आधी हे विचारावं, की उद्या करार वाढला नाही तर ही गाडी मी किती महिने सांभाळू शकेन? उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर कंपनीची बस आणि बाईक यांची लाज वाटायचं कारण नाही. पिंपरीहून पुण्यात जायला ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोही सुरू झाली आहे. ती चाकणला जात नाही, पण ज्यांचं काम शिवाजीनगर-स्वारगेटकडे आहे त्यांनी गाडीआधी तिचा विचार करावा.

अजून एक प्रकार आहे, त्यात हा सगळा हिशेबच होत नाही. लग्नात मुलीच्या बापाने दिलेली गाडी. ‘आम्ही मागितली नाही, त्यांनी खुशीने दिली’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातली खुशी कुणाची होती, ते विचारावंसं वाटतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. गाडी हायब्रिड असो नाहीतर इलेक्ट्रिक, जिचा हप्ता सासरा भरतोय ती आपल्याला परवडलेली नाही. इथल्या मुलांना सांगतो, नकार मुलीकडून येण्याची वाट पाहू नका, तुम्ही आधी द्या. आणि मुलींना सांगतो, लायसन्स काढा. गाडी घरात असणं आणि किल्ली हातात असणं, यात फार फरक आहे.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी शेवटचं. सेकंड हॅन्ड गाडी बघायला जाल तेव्हा आरसी मागा. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/हायब्रिड असं लिहिलेलं आहे का, बघा. नुसत्या मागच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी ट्रॅफिकमध्ये नेऊन बघा, न्यूट्रलला इंजिन बंद होतं का आणि क्लच दाबताच सुरू होतं का. लिथियम बॅटरी बदलायला किती लागतील, हे सर्व्हिस सेंटरमध्ये आधी विचारा आणि तो आकडा गाडीच्या किमतीत धरा. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करायला टाका.

हे सगळं करून तीच गाडी साध्या गाडीच्या भावात मिळत असेल, तर खुशाल घ्या. मीही तशीच घेतली. इंजिन चांगलं आहे, शहरात पेट्रोल कमी पितं. पण ‘हायब्रिड’ या शब्दासाठी वेगळे चाळीस हजार मागणारा भेटला, तर त्याला आत्ता केलेला भागाकार करून दाखवा आणि चहा पिऊन परत या.