आमच्या दाराचा रंग



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून घराच्या दारासारख्या क्षुल्लक विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सरकारी नोकरीत आमची तीस वर्षे गेली ती वसाहतींतील दारांआड. त्या दारांचा रंग आम्हांस कोणी कधी विचारला नाही. कोवलमला घर घेतले आणि पन्नाशी उलटल्यावर प्रथमच आमच्या मालकीचे दार आम्हांस लाभले. ज्या गावचा किल्ला 1752 साली क्लाइव्हने घेतला, तेथे एक दार जिंकावयास आम्हांस दोन प्रयत्न लागले!

आमच्या मातोश्री मूळच्या वाईच्या. पाऊस सरला की दाराला बेलतेल लावावयाचे, दसऱ्याला झेंडूचे तोरण, दिवाळीला उंबरठ्यावर हळदकुंकू, हा त्यांचा जन्माचा परिपाठ. 2023 च्या दिवाळीपूर्वी त्यांनी सांगितले, "दार रंगविल्याशिवाय हे घर मला आपले वाटायचे नाही." आम्ही उभयतांनी रंगारी बोलावला.

चूक आमची होती, रंगाऱ्याची नव्हे. देशावर दिवाळी येते ती पाऊस ओसरल्यावर. चेन्नईच्या किनाऱ्यावर तिच्याच सुमारास पाऊस सुरू होतो. येथील वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, तेही इतिहास घेऊन; हा भूगोल ध्यानी आला नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही दार हाताला चिकटत होते. डिसेंबरच्या आरंभी मिचाँग वादळ आले आणि दार फुगून चौकटीत बसेना. पुढे ऊन पडले, तेव्हा रंगाला फोड आले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. मात्र त्यांनी दाराकडे पाहणेच सोडले. ते आम्हांस अधिक लागले.

त्यांचे मन रमावे म्हणून आम्ही त्यांना जवळच मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्रमध्ये नेले. 1996 साली खुल्या झालेल्या या संग्रहालयात दक्षिणेकडील जुनी घरे मूळ जागेहून उतरवून पुन्हा उभारली आहेत. चेट्टिनाडच्या घराच्या सागवानी दारापाशी मातोश्री बराच वेळ थांबल्या, चौकटीवरून हात फिरविला, आणि म्हणाल्या, "हे आमच्या वाड्याच्या दाराचे भावंड." आपल्याकडे गणेशपट्टीवर गणपती बसतो, चेट्टिनाडकडच्या दारांच्या माथ्यावर बहुधा गजलक्ष्मी असते, एवढाच काय तो फरक त्यांना दिसला.

मग गावातील एका वृद्ध आसारींना, म्हणजे सुताराला, दार दाखविले. त्यांनी जे सांगितले ते येथे घर करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ओल्या लाकडावर तैलरंग चढविला की ओल आत कोंडली जाते; ऊन लागताच ती रंगाला उचलून बाहेर पडू पाहते. दाराचा वरचा व खालचा काठ कोणास दिसत नाही, म्हणून तो कोराच राहतो. वास्तविक उभ्या दांड्यांची कापलेली टोके तेथेच असतात आणि सर्वांत अधिक पाणी तीच पितात. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू गंजतात, ते पितळी हवेत. शेवटी ते म्हणाले, "भोगीच्या आधी करू, सार. आमच्याकडे घरे तेव्हाच रंगवितात."

आम्ही हे भाषांतर करून सांगताच मातोश्री एकदम म्हणाल्या, "भोगी? ती तर आपलीच!" तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी एवढीच भोगी आम्हांस ठाऊक, येथे त्याच नावाच्या दिवशी जुने जाळतात, घर स्वच्छ करतात. त्यांच्या पंचांगात दाराची तारीख अशी एका शब्दाने बदलली. आमच्या युक्तिवादाने ती बदलली नसती.

2024 च्या जानेवारीत, भोगीच्या आधीच्या आठवड्यात, स्वच्छ ऊन पाहून दार बिजागऱ्यांवरून उतरविले. जुना रंग खरवडला, घासकागद फिरविला, लाकूड वाळू दिले, चारही काठांना अस्तर दिले, लांबी भरली, आणि मग विटकरी रंगाचे दोन हात. रंग अर्थात मातोश्रींनी निवडला. आमचा निळा नामंजूर झाला.

दिवसभर घर उघडे. राखण म्हणून मातोश्री उंबरठ्याशी खुर्ची टाकून बसल्या. एरवी बंद दारावरून पुढे जाणाऱ्या शेजारणी थांबू लागल्या. एकीने तांदळाच्या पिठीचे कोलम काढून दाखविले, मातोश्रींनी शेजारी ठिपक्यांची रांगोळी काढली. परस्परांची भाषा दोघींनाही येत नव्हती. संध्याकाळी आसारी दार बसवावयास आले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "एवढी घाई कशाला? उद्या बसवा."